सी ड्राइव्हची जागा गेली कुठे? शोधून काढायची पद्धत

लग्नाचे मुहूर्त सुरू झाले होते, गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि पत्रिकेची फाइल काही सेव्ह होईना. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. घाईघाईत मी डाउनलोड्सचा फोल्डर रिकामा केला आणि वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यात एका गिऱ्हाइकाने पाठवलेले नवरा-नवरीचे मूळ फोटो होते. ते परत मागताना काय तोंड झालं असेल, विचारू नका.

मग दुकान बंद करून रात्री नीट हिशेब मांडला. ड्राइव्ह २३७ जीबीचा. वापरलेली जागा २३१. पण आतले सगळे फोल्डर सिलेक्ट करून बेरीज घेतली तर ती भरली फक्त १३८ जीबी. मधले ९३ जीबी ना मला दिसत होते, ना मी वापरत होतो.

मी डीटीपीवाला, म्हणजे पत्रिका-अहवाल कॉम्प्युटरवर जुळवून देणारा, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. पण त्या ९३ जीबीतला जवळपास प्रत्येक जीबी नंतर सापडला, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांचे कॉम्प्युटर याच क्रमाने तपासत आलो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी डिलीट करतात आणि मग शोधतात. आपण आधी ताळा जुळवायचा.

हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. स्क्रीनवरची इंग्रजी नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आवृत्तीनुसार एखादं बटण इकडे-तिकडे असेल.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. तो नसेल तर निम्म्या गोष्टी दिसणारच नाहीत.
- बाहेरची हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह, कॉपी काढून ठेवायला.
- कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते दाखवणारं विझट्री किंवा विनडिरस्टॅट यांपैकी एक सॉफ्टवेअर, त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवलेलं. विझट्री घरगुती वापराला फुकट आहे, विनडिरस्टॅट सगळ्यांनाच.
- बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांना, हात लावायचा असेल तर ती आधी कागदावर उतरवून घ्या.
- वही आणि पेन. हे गमतीने लिहिलेलं नाही.

१. जागा खरंच हरवली आहे का, ते बघा

२५६ जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घेतली आणि कॉम्प्युटर २३८ दाखवतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. इथे कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा १ जीबी साधारण १०७ कोटी ३७ लाख बाइटचा. माल तोच, मापं वेगळी.

त्यामुळे २५६ चे सुमारे २३८, ५०० चे ४६५, ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१ दिसणार. तुमचा आकडा याच्या जवळ असेल तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

२. डिस्क मॅनेजमेंट उघडा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट निवडा. खाली डिस्कचा आडवा नकाशा दिसतो. सी ड्राइव्हच्या आजूबाजूला छोटे तुकडे असतात, एक ईएफआय नावाचा, विंडोज सुरू होण्यासाठी लागणारा, आणि एक रिकव्हरीचा, बिघाड दुरुस्तीसाठी. ते हवेतच. आपण शोधतोय ती काळी पट्टी, जिच्यावर ‘अनअलोकेटेड’ लिहिलेलं असतं.

माझ्या भाच्याने जुन्या २५६ च्या जागी १ टीबीची एसएसडी बसवून घेतली. विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवली होती. घरी आल्यावर बघतो तर सी ड्राइव्ह तेवढाच, २३७ जीबी! पैसे पाण्यात गेले म्हणून घरात रडारड. जागा कुठेच गेली नव्हती, ती काळ्या पट्टीत नुसती पडून होती.

अशी पट्टी सी ड्राइव्हला अगदी लागून उजवीकडे असेल तर सी वर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ दिलं की काम झालं. पण बरेचदा मध्ये रिकव्हरीचा तुकडा येतो आणि ते बटण पुसट दिसतं. इथे लोक व्हिडिओ बघून रिकव्हरीचा तुकडा उडवायला निघतात. माझा सल्ला: सवय नसेल तर त्या काळ्या पट्टीवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा, तिला डी म्हणा आणि फोटो-व्हिडिओ तिथे हलवा. आपला भाचा आता तेच करतो, त्याचं काही अडलेलं नाही.

३. ताळा मांडा

आता वही उघडा. तीन आकडे लिहायचे.

पहिला: धिस पीसीमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. ‘यूज्ड स्पेस’ लिहून घ्या.

दुसरा: सी ड्राइव्ह उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं सिलेक्ट करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज. आकडा वाढत वाढत थांबेपर्यंत धीर धरा. इथे ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे येतात, आपल्याला दुसरा हवा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, वापरणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण ज्या फाइली फक्त ऑनलाइन आहेत त्यांचा साइझ भरपूर दिसतो पण डिस्कवर त्या जवळपास काहीच जागा घेत नाहीत.

तिसरा आकडा म्हणजे या दोहोंतली वजाबाकी. माझ्याकडे ती ९३ होती.

ही तफावत पडते कारण एक्सप्लोरर तुम्हाला जे बघायची परवानगी आहे तेवढंच मोजतो. सी ड्राइव्हच्या तोंडाशी लपवलेल्या फाइली सिलेक्टच होत नाहीत, आणि ज्या फोल्डरला तुम्हाला मज्जाव आहे तो एक्सप्लोरर न सांगता वगळतो. ‘अमुक ठिकाणी मला आत सोडलं नाही’ असं एक अक्षर बोलत नाही. सगळा गोंधळ त्यातून होतो.

४. विंडोजच्या तोंडून ऐका

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. खाली ‘शो मोअर कॅटेगरीज’ आहे ते दाबा. पुढच्या यादीतल्या दोन नोंदी लोक हमखास वगळतात.

एक, ‘सिस्टीम अँड रिझर्व्ह्ड’. ती उघडली की हायबरनेशन फाइल, व्हर्च्युअल मेमरी, सिस्टीम रिस्टोर आणि राखीव जागा यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. राखीव जागा म्हणजे अपडेट अडू नयेत म्हणून विंडोजने बाजूला ठेवलेले साधारण ७ जीबी. २०१९ मधल्या आवृत्तीपासून ही सोय आली. तिच्याशी झटापट करू नका.

दोन, ‘अदर पीपल’. म्हणजे याच कॉम्प्युटरवरची दुसऱ्यांची खाती. माझा निम्मा चोर इथेच बसला होता.

५. विझट्री चालवा, पण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून

आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. नुसतं डबल क्लिक करून उघडलंत आणि परवानगी नाकारलीत तर पुन्हा तेच अर्धवट चित्र मिळेल. विझट्री डिस्कवरच्या फाइलींची मुख्य नोंदवहीच थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत यादी देतं. विनडिरस्टॅट एकेक फोल्डर फिरून मोजतं, त्याला वेळ लागतो, पण त्याचा रंगीत चौकोनांचा नकाशा बघून नवख्या माणसालाही कळतं की मोठा दगड कुठे आहे.

यादी मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरच्या दहा नोंदी वहीत उतरवा. अजून डिलीट काहीही करायचं नाही. हात शिवशिवतात, माहीत आहे.

६. एकेक गळती ओळखा

माझ्या ९३ जीबीचा हिशेब असा लागला: दुसऱ्याचं खातं ३१, सिस्टीम रिस्टोर २४, रिसायकल बिन १४, पेजफाइल ९, हायबरनेशन ६. उरलेले ९ म्हणजे प्रोग्रामडेटा नावाचा लपलेला फोल्डर आणि ती राखीव जागा.

*दुसऱ्याचं खातं.* दुकानात पूर्वी एक मुलगा ऑपरेटर होता. त्याने स्वतःचं वेगळं लॉगिन केलं होतं. तो सोडून गेला, खातं राहिलं. यूजर्समधला त्याचा फोल्डर मी कधी उघडलाच नव्हता, कारण डबल क्लिक केलं की ‘परवानगी नाही’ अशी चौकट यायची. तिथे ‘कंटिन्यू’ दाबलं की ॲडमिनिस्ट्रेटरला आत जाता येतं. आत ३१ जीबी. त्याच्या डेस्कटॉपवर एका गणेश मंडळाचा ४८ पानी अहवाल निघाला, जो हरवला असं समजून आम्ही अख्खा पुन्हा टाइप केला होता. जाहिरातींसकट.

म्हणून सांगतो, खातं काढण्याआधी पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून खातं ‘रिमूव्ह’ केलं की त्यातल्या फाइलीही जातात. आणि काढायचं तर तिथूनच काढा, यूजर्समधला फोल्डर हाताने उडवू नका. खात्याची नोंद मागे लटकत राहते.

*रिसायकल बिन.* प्रत्येक ड्राइव्हला आणि प्रत्येक खात्याला आपापली केराची टोपली असते. तुम्ही रिकामी करता ती फक्त तुमची. त्या मुलाच्या टोपलीतले १४ जीबी तसेच होते. खातं काढण्याआधी त्याच्या लॉगिनने आत जाऊन टोपली रिकामी करणं सोपं पडतं.

*सिस्टीम रिस्टोर.* हा ऐवज ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या बंद फोल्डरात असतो. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘मॅक्स यूसेज’ची पट्टी माझ्याकडे १० टक्क्यांवर होती, मी ५ वर आणली. शेजारचं ‘डिलीट’ बटण सगळेच रिस्टोर पॉइंट पुसतं, म्हणून ते दाबलंत तर लगेच एक नवा करून ठेवा. पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. प्रिंटरच्या एका ड्रायव्हरने कॉम्प्युटर झोपवला होता तेव्हा याच सोयीने वाचवलं.

*हायबरनेशन.* कॉम्प्युटर बंद होताना रॅममधला मजकूर ज्या फाइलीत ठेवला जातो ती. नेहमीच्या मांडणीत तिचा आकार रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमला सव्वासहा-साडेसहा जीबी. टेबलावरच्या कॉम्प्युटरला तिची फारशी गरज नसते. ती बंद करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. कमांड मी फोनवर लोकांना अशी सांगतो: ‘पॉवर’चं स्पेलिंग, त्याला चिकटून सी-एफ-जी, मग एक स्पेस, स्लॅश, एच, परत स्पेस, ऑफ, एंटर. यानंतर फास्ट स्टार्टअप चालत नाही, चालू व्हायला जरा वेळ लागतो. लॅपटॉप असेल तर ही फाइल राहू द्या. बॅटरी अगदी संपत आली की उघडं काम तीच वाचवते.

*पेजफाइल.* रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची ही जागा वापरतं. हिला नाव लिहून सोडून द्या. बंद केली तर मोठा फ्लेक्स उघडताना मेमरी अपुरी म्हणून सॉफ्टवेअर आडवं पडेल.

माझ्याकडे नव्हता पण सध्या घरोघरी सापडतो तो ‘विंडोज डॉट ओल्ड’. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, त्याच्या आगेमागे अनेकांनी ११ टाकलं. जुनं विंडोज या फोल्डरात गुंडाळून ठेवलेलं असतं. परत फिरायची मुदत १० दिवस, त्यानंतर ते सहसा आपोआप जातं. राहिलंच असेल तर डिस्क क्लीनअप उघडा, ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ दाबा आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करा. त्याच यादीत ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ असतं, तेही निर्धास्त करा.

७. आपल्याच धंद्याचा कचरा

हा प्रत्येकाचा वेगळा. माझ्यासारख्या डीटीपीवाल्याचा सांगतो, त्यावरून तुमचा ओळखा.

कोरल ड्रॉ प्रत्येक फाइलशेजारी तिची ‘बॅकअप ऑफ’ नावाची जोड ठेवतं. चांगली सवय आहे, पण दहा वर्षांच्या पत्रिकांची मी जोडीजोडीने राखण करत होतो. विझट्रीत नावाने शोधलं, जुन्या वर्षांच्या तेवढ्या काढल्या.

वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली की फोटोवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली टेम्प फोल्डरात तशाच राहतात, एकेक काही जीबीची. विंडोजचं बटण आणि आर दाबून छोटी चौकट उघडा, टक्क्याची खूण, टेम्प, पुन्हा टक्क्याची खूण असं टाइप करा. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, म्हणजे चालू कामाच्या फाइली मध्ये येणार नाहीत. मग आतलं सगळं काढलं तरी चालतं. जे वापरात आहे ते विंडोज काढू देत नाही, तिथे ‘स्किप’ म्हणा.

तिसरी गोष्ट व्हॉट्सॲप. गिऱ्हाईक एकच फोटो तीनदा पाठवतं, आपण तीनदा उतरवतो, आणि नावापुढे कंसात १, २, ३ लागत जातात.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी रोजच्या बॅकअपचा फोल्डर बघावा. आउटलूक वापरणाऱ्यांनी ॲपडेटा या आपल्या खात्यातल्या लपलेल्या फोल्डरामधली मेलची मोठी फाइल. आयफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्यांनी फोनचा बॅकअप, तोही बरेचदा ॲपडेटातच लपलेला असतो.

८. इथे हात लावायचा नाही

‘विनएसएक्सएस’ हा फोल्डर १०-१५ जीबीचा दिसतो आणि सगळ्यांची नजर त्यावर जाते. त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे विंडोजमधल्याच फाइलींची दुसरी नावं आहेत, एकच वस्तू दोनदा मोजली जाते. हाताने काढलंत तर विंडोज पुन्हा टाकायची तयारी ठेवा. विंडोजमधला ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही तसाच, तो गेला की सॉफ्टवेअर ना अपडेट होतं ना निघतं.

वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. फक्त इथली जागा हवी असेल तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’.

सेटिंग्जमधल्या ‘टेंपररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्याच्यावर खूण करून ‘रिमूव्ह’ दाबाल तर माझ्यासारखी गिऱ्हाइकापुढे मान खाली घालावी लागेल.

आणि ‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर साफ’ म्हणणारी सॉफ्टवेअरं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून जीबी मिळत नाहीत. ती स्वतःच जागा घेऊन बसतात.

९. तरीही ताळा जुळत नसेल

विझट्री ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवूनही ‘यूज्ड स्पेस’ आणि त्याची बेरीज यांत मोठं अंतर राहिलं, तर डिस्कची नोंदवहीच बिघडलेली असू शकते. महत्त्वाचं सगळं बाहेर कॉपी करा. हे आधी, कारण डिस्कच मरणाला टेकली असेल तर तपासणीचा ताणही तिला झेपत नाही. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, ‘चेक’. सी ड्राइव्हची दुरुस्ती कधीकधी रीस्टार्टनंतर होते आणि जुन्या हार्डडिस्कवर तासन्‌तास चालते. संध्याकाळी लावून घरी जा, मध्येच बटण दाबून बंद करू नका.

माझ्याकडे ही वेळ आली नाही. मोकळी जागा ६ जीबीवरून जवळपास ७० जीबीवर गेली तिथेच मी थांबलो.

१०. जागा पेनड्राइव्हवर कमी पडत असेल तर

इथलं गणित निराळं. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केला की जागेचा सर्वांत लहान खण सहसा १२८ केबीचा होतो. १ केबीची फाइलही अख्खा खण अडवते. अशा १० हजार फाइलींचा मजकूर १० एमबी, पण अडवलेली जागा सव्वा जीबीच्या आसपास. फॉन्टचे संग्रह आणि वेबसाइटचे फोल्डर कॉपी करताना हे हमखास होतं. सगळ्याची एक झिप फाइल करून टाका.

बाजारात फारच स्वस्तात मिळालेला २ टीबीचा पेनड्राइव्ह असेल तर त्यात काही ठेवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने तो काठोकाठ भरून वाचून बघा. नकली माल कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो, आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. चाचणीला रात्रभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागेल. तोवर बिल फाडून टाकू नका.